पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि महेश्वरी लुगडे

भगिनींनो, अहिल्याबाई होळकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवळे, घाट आणि बारवा उभ्या राहतात. काशीचे विश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा बांधविले, हे तर शाळेतील मुलींनाही ठाऊक असते. पण दगडाच्या कामाबरोबर बाईंनी सुताचेही एक काम उभे केले. ते आजही आपल्या कपाटात घडी घालून ठेवलेले सापडते. ते काम म्हणजे महेश्वरी लुगडे. या लुगड्याच्या अंगाने बाईंचे चरित्र सांगावे असा माझा विचार आहे. मी काही इतिहासाची जाणकार नव्हे. आपल्यासारखीच संसारातून वेळ काढून वाचणारी आहे. चूकभूल सांभाळून घ्यावी.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. घर साधे, शेतीवाडीचे. त्या काळी मुलींना शिकविण्याची रीत नव्हती, तरी बाईंना लिहिणे-वाचणे येत होते. १७३३ साली, म्हणजे अवघ्या आठव्या वर्षी, त्यांचे लग्न मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी झाले. सासरे मल्हारराव म्हणजे पेशव्यांचे मोठे सरदार, सदा घोड्यावर. परंतु सुनेची हुशारी त्यांनी ओळखली आणि दौलतीचा हिशेब, पत्रव्यवहार, फौजेची रसद ही कामे हळूहळू तिच्या हाती दिली. १७६५ साली तर तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याविषयी त्यांनी सुनेला पत्र लिहिले. घरची सून तोफखाना सांभाळते, ही गोष्ट आजही नवलाची वाटेल.

त्याआधीच बाईंवर पहिला घाव पडला होता. मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. बाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या सती जाण्यास निघाल्या, पण मल्हाररावांनी म्हातारपणाची आण घालून त्यांना मागे फिरविले. त्या जगल्या, म्हणून पुढचे सारे घडले. मात्र त्या दिवसापासून रंगीत वस्त्र त्यांनी अंगाला लावले नाही. साधे पांढरे लुगडे आणि गळ्यात एक लहानशी माळ, बाकी दागिना नाही. पुढे राज्य हाती आले, खजिना हाती आला, तरी हा वेष बदलला नाही.

१७६६ साली मल्हारराव वारले आणि गादीवर बाईंचे एकुलते एक चिरंजीव मालेराव बसले. त्यांचे मन ताळ्यावर नसे. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातील जुन्या माणसांकडून ऐकून १८२३ साली एक ग्रंथ छापला, त्यात मालेरावांची हकीकत आहे. कपड्यावर कशिदा काढणाऱ्या एका कारागिराचा मालेरावांनी नुसत्या संशयावरून जीव घेतला. पुढे तो निरपराध होता हे कळले आणि त्या धसक्याने मालेरावांना वेडाचे झटके येऊ लागले. लोक म्हणू लागले की त्या कारागिराचेच भूत त्यांना लागले आहे. बाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून त्या मेलेल्या माणसाची विनवणी करीत, त्याच्या नावाने देऊळ बांधीन, त्याच्या बायकामुलांना नेमणूक करून देईन असे सांगत. उपयोग झाला नाही. १७६७ साली मालेराव गेले.

ही हकीकत वाचून माझ्या मनाला चटका लागला. सुईदोरा धरणाऱ्या एका गरिबाचा जीव आपल्या घराने घेतला, ही बोच आईच्या मनात राहिली नसेल काय? त्यामुळेच बाईंनी पुढे कारागीर वसविले, असे मी म्हणणार नाही. तसे कोठे लिहिलेले नाही. पण ज्या घरात कारागिराचे रक्त सांडले, त्याच घराच्या आश्रयाला पुढे कारागिरांची वस्ती नांदली, एवढे खरे.

नवरा, सासरा आणि मुलगा असे तिघे गेल्यावर दौलतीवर अनेकांची नजर गेली. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत यांनी कोणी लहान मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपण पाहावा असा घाट घातला. राघोबादादा पेशवे त्यांना सामील होऊन फौजेसह आले. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी आपली फौज सज्ज केली, शिंदे-गायकवाडांना पत्रे धाडली आणि माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळविला. राघोबादादांना लढाई न करताच मागे सरावे लागले. बाईंनी फौजेचे काम तुकोजी होळकरांवर सोपविले, मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला आणि राहण्यासाठी नर्मदेच्या उत्तर काठावरील महेश्वर हे गाव निवडले.

महेश्वर जुने क्षेत्र खरे, पण राजधानीचे वैभव त्याला बाईंमुळे आले. राजधानी म्हणजे नुसता वाडा नव्हे. तेथे खाणारी तोंडे येतात आणि त्या तोंडांना काम लागते. बाईंनी बाहेरगावांहून विणकर बोलावून आणले, त्यांना जागा दिल्या आणि माग बसवून दिले. हे विणकर सुरत, बऱ्हाणपूर अशा कापडाच्या जुन्या पेठांतून आले असे सांगतात. त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. निमाडच्या काळ्या जमिनीत कापूस पिकतो आणि दाराशी नर्मदेचे पाणी, तेव्हा सूत आणि रंगकाम या दोन्हींची सोय झाली.

लुगडे एका माणसाच्या हाताने होत नाही, हे आपण ध्यानात घेत नाही. कापूस पिंजणारा वेगळा, सूत कातणारी वेगळी, रंगारी वेगळा. मग उभ्या धाग्यांचा ताणा लावायचा. त्याचा एक धागा चुकला तर चूक पदरापर्यंत दिसते. आडव्या धाग्यासाठी कांड्या भरायच्या, त्या धोट्यात घालायच्या, तेव्हा कोठे विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. विणकराच्या घरी मागावर पुरुष दिसतो, पण सूत उकलणे, कांड्या भरणे ही कामे बायकामुलांच्या हातची. म्हणून एक माग चालू झाला की एक मजूर नव्हे, सारे घर कामाला लागते.

महेश्वरी लुगडे ओळखावे कसे, असे कोणी विचारील. अंग साधे किंवा बारीक चौकड्यांचे आणि हाताला हलके. आधी हे लुगडे निव्वळ सुती असे. आता बहुधा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणजे उलटसुलट कसेही नेसता येते. त्या काठाला तिकडे बुगडी म्हणतात. आपल्या कानातल्या बुगडीचेच हे नाव! काटकसरी बाईला याहून सोयीचे काय हवे? पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे. काठावरच्या नक्षीची नावे ऐकली तर महेश्वरचा घाटच डोळ्यांपुढे येतो. लहर म्हणजे नर्मदेची लाट, ईंट म्हणजे वीट, शिवाय चटई, हिरा आणि फूल. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडावर जे कोरले तेच सुतात उतरविले, असे महेश्वरचे लोक सांगतात. पाहुण्यांना व नातलगांना मानवस्त्र म्हणून द्यावयाची लुगडी बाई स्वतः लक्ष घालून करवून घेत, असेही तेथे सांगतात. राजदरबार हेच विणकराचे पहिले गिऱ्हाईक होते. महेश्वराहून पाहुणा परतला की त्याच्याबरोबर गावचे नाव दूर जाई.

पण नुसते माग बसवून धंदा चालत नाही. सूत सुखरूप यावे लागते आणि माल सुखरूप जावा लागतो. त्या काळी माळव्यातून जाणाऱ्या वाटांवर लूटमार फार. डोंगरातील भिल्ल आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर पूर्वापार एक लहानसा कर घेत. त्याला भिलकवडी म्हणत. बाईंनी आधी बंडखोरांना जरब बसविली. मग त्यांचा हा जुना हक्क मान्य केला, पडीक जमीन कसावयास दिली आणि हद्दीत कोणाची चोरी झाली तर ती भरून देण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच घातली. पोट भरण्याची सोय केली आणि जबाबदारीही दिली, म्हणून वाटा मोकळ्या झाल्या.

दुसरी गोष्ट न्यायाची. सिरोंज येथे एक मोठा सावकार निपुत्रिक वारला. तेथील अंमलदाराने त्याच्या बायकोला दत्तक घेण्याच्या परवानगीसाठी तीन लाख रुपये मागितले. ती बाई सरळ महेश्वरास आली. अहिल्याबाईंनी तिचे ऐकून घेतले, अंमलदाराला कामावरून काढले, दत्तक मान्य केला आणि मुलाला मांडीवर घेऊन वस्त्रे, दागिने व पालखी दिली. सरकारासाठी एक पैसा घेतला नाही. विधवेचे धन तिचेच, हे बाईंनी नुसते सांगितले नाही, करून दाखविले. ज्या राज्यात विधवेची तिजोरी सुरक्षित, तेथे व्यापारी आणि कारागीर आपण होऊन येतात.

बाईंचा दिवस पहाटेच्या आधी सुरू होई. स्नान, पूजा, पुराण-श्रवण, दानधर्म, अन्नदान, मग स्वतःचे साधे जेवण. दुपारी दरबारात बसत त्या सूर्यास्तापर्यंत, आणि रात्री पुन्हा दोन तास काम. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी रस्त्यावर माणसे ठेवलेली असत. थंडी सुरू होताच आश्रित आणि अपंग-म्हाताऱ्या लोकांना कपडे वाटले जात. एका ब्राह्मणाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ लिहून आणला, तो त्यांनी ऐकून घेतला आणि नर्मदेत बुडविण्यास सांगितले. महेश्वरच्या वाड्यात त्यांची साधी गादी आजही पाहावयास मिळते. हिऱ्यामाणकांचे सिंहासन शोधायला जाणारा तेथे निराश होईल.

म्हातारपणी शेवटचा घाव बसला. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा मुलगा तरुणपणी गेला आणि १७९१ साली यशवंतरावही गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. बाईंनी तिचे पाय धरले, आपल्याला एकटे टाकू नकोस म्हणून परोपरीने विनविले. लेकीने ऐकले नाही. ज्या बाईला सासऱ्याने चितेवरून परत आणले, तिला स्वतःच्या लेकीला परत आणता आले नाही. त्यांनी नर्मदेकाठी ती चिता डोळ्यांनी पाहिली आणि तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. एवढे राज्य चालविणारी बाई, पण रूढीपुढे तिचेही काही चालले नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाईंनी महेश्वर येथे देह ठेवला. पुढे १८१८ साली इंग्रजांशी तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरास गेली आणि महेश्वरच्या मागांचा मोठा आधार सुटला. मग गिरण्यांचे स्वस्त कापड आले. कित्येक माग बंद पडले, पण कला अगदी मेली नाही. १९७९ साली होळकर घराण्यातील रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी रेवा सोसायटी काढली आणि गावातील बायकांना विणकाम शिकवून मागावर बसविले. रेवा हे नर्मदेचेच नाव. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या कांड्या भरीत होत्या, त्यांच्या हाती धोटा आला आणि कष्टाचे पैसे त्यांच्या स्वतःच्या हातात पडू लागले. आपल्या मंडळाच्या शिवणवर्गातील मुलींना मी हेच सांगते की हातातली कला ही ठेवीसारखी असते.

शेवटी एक गोष्ट मनात आहे, ती बोलून टाकते. ज्या बाईंनी स्वतः एकेचाळीस वर्षे काठाला रंग नसलेले लुगडे नेसले, त्यांनी उभ्या केलेल्या मागांवरचे रंगीत काठ आपण मिरवितो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण ते लुगडे हौसेने नेसून येतो आणि आपल्याच आळीतील विधवा बहिणी मात्र दाराआडून बघत राहतात. अहिल्याबाई आज आपल्या गावात राहत असत्या, तर त्यांनाही आपण बोलावले नसते! कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभा भरवून विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याला जे जमले ते आपल्या मंडळाला न जमण्यासारखे नाही. येत्या संक्रांतीला मंडळाचे बोलावणे घरोघर जाईल, तेव्हा एकही दार वगळू नये आणि वाणाचे लुगडे प्रथम अशाच एखाद्या वडीलधाऱ्या भगिनीच्या हाती द्यावे, अशी माझी सर्व सभासद भगिनींना हात जोडून विनंती आहे. कार्यकारिणीने होकार दिला, तर घरोघर बोलावणे करण्यास मी स्वतः जाईन.