वातानुकूलनाचे जनक : विलिस कॅरिअर

नऊ वर्षांच्या विलिसला अपूर्णांक काही केल्या समजत नव्हते. तेव्हा त्याच्या आईने त्याला तळघरातून पातेलेभर सफरचंदे आणावयास सांगितले. ती कापून तिने कोणाचे दोन, कोणाचे चार, तर कोणाचे आठ भाग केले आणि ते भाग मुलाकडून मिळवून व वजा करून घेतले. अपूर्णांकांची भीती त्याच दिवशी गेली. ही माउली मोठी हिकमती होती. घरातील बिघडलेली घड्याळे आणि शिवणयंत्रे ती स्वतः उघडून दुरुस्त करीत असे. विलिस अकरा वर्षांचा असतानाच ती वारली. परंतु अवघड गोष्टीचे तुकडे करून पाहण्याची तिने लावलेली सवय मुलाने जन्मभर सोडली नाही.

विलिस हॅविलंड कॅरिअर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला या गावाजवळील एका शेतकरी कुटुंबात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. काही काळ शिक्षकाची नोकरी करून आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथेही हिरवळ कापणे, भट्ट्या पेटत्या ठेवणे अशी कामे करून ते आपला खर्च भागवीत. १९०१ साली अभियंता होऊन ते बफेलो शहरातील एका कारखान्यात आठवड्याला १० डॉलर पगारावर रुजू झाले.

दुसऱ्याच वर्षी त्यांच्यापुढे एक विलक्षण प्रश्न आला. ब्रुकलिन येथील एका छापखान्यात रंगीत चित्रे छापली जात. एक रंग छापून झाल्यावर त्यावर दुसरा छापावयाचा, अशी रीत होती. उन्हाळ्यातील दमट हवेत कागद ओल शोषून फुगे, कोरड्या दिवशी तो आकसे, आणि मग एक रंग दुसऱ्यावर नेमका बसत नसे. कागद वाया जाई, कामास विलंब होई. मालकांना गारवा नको होता. त्यांना हवेतील ओल एका प्रमाणात राखावयाची होती. कॅरिअर यांनी थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातील जादा ओल काढून घेणारी योजना आखली. तिचे आराखडे १७ जुलै १९०२ रोजी तयार झाले. वातानुकूलनाचा आरंभ म्हणून हीच तारीख सांगितली जाते.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहत उभे होते. चोहोकडे दाट धुके पसरले होते. इतरांना त्या धुक्याचा कंटाळा आला असेल. कॅरिअर मात्र त्याचाच विचार करू लागले. धुके म्हणजे बाष्पाने पुरती भरलेली हवा. परंतु ती थंड असल्यामुळे तिच्यात प्रत्यक्ष बाष्प थोडेच असते. मग थंड पाण्याच्या तुषारांतून हवा नेली, तर ती तेवढीच थंड होईल, आपल्याजवळचे जादा बाष्प टाकून देईल आणि पुन्हा किंचित तापविताच कोरडी होईल! पाण्याने हवा वाळवावयाची, ही कल्पना ऐकणाऱ्यास वेडगळ वाटावी अशीच होती; पण ती खरी ठरली. १९०६ मध्ये त्यांना या यंत्राचे एकस्व मिळाले. हवा, उष्णता आणि ओल यांचा परस्परसंबंध सांगणारी सूत्रे त्यांनी १९११ साली अभियंत्यांच्या सभेपुढे मांडली.

१९१४ मध्ये कारखान्याने हे काम आवरते घेण्याचे ठरविले. आता काय करावे? कॅरिअर आणि त्यांचे सहा सहकारी यांनी ३२,६०० डॉलर भांडवल गोळा करून १९१५ साली स्वतःची कंपनी काढली.

त्या काळची शीतयंत्रे अवाढव्य असत. पुढेमागे धावणाऱ्या दट्ट्यांची धडधड चाले आणि आत बहुधा विषारी अमोनिया वायू असे. अशी यंत्रे लोकांच्या गर्दीत ठेवणे धोक्याचे होते. कॅरिअर यांनी १९२२ मध्ये गरगर फिरणाऱ्या चक्राचे, अधिक निर्धोक द्रव वापरणारे नवे यंत्र सिद्ध केले. न्यूयॉर्कच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ते पटेना. तेव्हा कॅरिअर यांनी त्याच्यासमोरच तो द्रव एका भांड्यात ओतला आणि त्यात पेटती काडी टाकली, असे सांगतात. स्फोट झाला नाही. द्रव सावकाश जळत राहिला.

१९२५ च्या मे महिन्यात तेथील रिव्होली चित्रपटगृहात हे यंत्र सुरू झाले. यंत्र चालू होण्यास विलंब झाला होता. प्रेक्षागार खच्चून भरले होते आणि लोक हातांतील पंख्यांनी वारा घेत होते. कॅरिअर मागे उभे राहून ते पंखे पाहत होते. हळूहळू एकेक पंखा थांबू लागला, मांडीवर पडू लागला. थोड्याच वेळात सगळे पंखे स्थिर झाले, तेव्हा कोठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

१९२८ मध्ये त्यांनी घरासाठीही लहान यंत्र तयार केले. परंतु लवकरच आलेल्या मंदीमुळे ते फारसे खपले नाही. आज आपल्याकडेही अनेक घरांत असे यंत्र दिसते. त्यातून ठिबकणारे पाणी म्हणजे थंड नळ्यांवर जमलेली खोलीतील ओलच होय. म्हणून बाहेरच्या नळीतून ते पडत असेल तर घाबरू नये. तेच पाणी खोलीत गळू लागले, तर निचऱ्याची नळी तुंबली असावी. जाळी धुळीने भरली, तर नळ्यांवरून पुरेशी हवा जात नाही, त्या अतिशय थंड होतात आणि त्यांवर चक्क बर्फ धरतो. आतील वायू कमी झाला तरीही असेच घडते. चालू होताना व थांबताना होणारी एखादी टकटक साधीच असते. खडखड होऊ लागली, तर एखादा स्क्रू सैल झालेला असतो किंवा पंख्यात काही अडकलेले असते. सतत फुसफुस ऐकू आली, तर वायू गळत असण्याचा संभव असतो. अशा वेळी यंत्र बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावे. विलिसच्या आईप्रमाणे ते स्वतः उघडावयास जाऊ नये, कारण तिच्या घड्याळांत वीज नव्हती!

कॅरिअर अखेरपर्यंत आपल्या विषयात गढलेले होते. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. घराघरांत ही यंत्रे पोहोचण्यास तेव्हा नुकती कोठे सुरुवात होत होती.