रेडियमचा शेक

कॅन्सरच्या पेशंटला ‘शेक’ द्यायचा, ‘लाइट’ द्यायचे, असं आपल्याकडे सहज बोललं जातं. या शेकाच्या गोष्टीत सुरुवातीलाच एका बाईचं नाव येतं, ते म्हणजे मादाम क्युरी. शाळेच्या पुस्तकात त्यांचा तो काळ्या कपड्यांतला फोटो होता आणि खाली दोन नोबेल पारितोषिकं. बाकी बाई आपल्याला ठाऊकच नाहीत.

मारिया स्क्लोदोव्स्का १८६७ साली पोलंडमधल्या वॉर्साला जन्मली. ती दहा वर्षांची असताना आई क्षयानं गेली. तिथे रशियाची सत्ता होती आणि मुलींना विद्यापीठाचं दार बंद. तेव्हा दोघी बहिणींनी आपसात ठरवलं. मारियानं लोकांच्या घरी मुलं शिकवून पैसे पाठवायचे, थोरल्या ब्रोन्यानं पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं आणि मग धाकटीला बोलावून घ्यायचं. असं बहिणी-बहिणीच करू जाणोत! १८९१ मध्ये मारिया पॅरिसला पोचली.

१८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न झालं आणि १८९८ मध्ये दोघांनी रेडियम शोधलं. पण ते हातात कुठे होतं? गळक्या छपराच्या शेडमध्ये टनावारी खनिज मोठमोठ्या भांड्यांत उकळायचं, लोखंडी दांड्यानं ढवळत राहायचं. घरी लहानगी इरेन, तिला आजोबा सांभाळत. चारेक वर्षांच्या ढवळण्यातून १९०२ मध्ये हाती आला एक दशांश ग्रॅम क्षार.

पिएरनी मुद्दाम आपल्याच दंडावर रेडियम ठेवून पाहिलं. कातडी भाजली, जखम भरायला खूप दिवस लागले. जे निरोगी कातडी जाळतं ते रोगट गाठही जाळेल, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्वचेच्या रोगांवर रेडियम लावणं सुरू झालं. या जोडप्यानं पेटंट काही घेतलं नाही.

१९०६ मध्ये पिएर घोडागाडीखाली सापडून गेले. पदरात दोन मुली. १९११ मध्ये दुसरं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रांनी बाईंच्या खासगी आयुष्याची लक्तरं काढली. त्यात मी शिरत नाही.

पॅरिसची रेडियम इन्स्टिट्यूट १९१४ मध्ये उभी राहिली. अर्धी बाईंच्या हाती, अर्धी क्लॉडियस रेगो या डॉक्टरांकडे. रेगोंनी मेंढ्यांवर प्रयोग केले. किरणांचा डोस एकदम दिला तर कातडी जळते आणि काम अर्धवट राहतं. तोच थोडाथोडा करून बऱ्याच दिवसांत दिला तर काम होतं आणि कातडीही वाचते. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी माणसांना असेच आठवडेच्या आठवडे डोस दिले. आजही पाच-सहा आठवडे रोज जावं लागतं, त्याचं मूळ इथे आहे.

पण रोज जायचं कसं? आमच्या मामेसासूबाईंच्या गालावर लालसर-जांभळी गाठ आली. दुखत नव्हती, पण भराभर वाढली. तपासणीत निघाला मर्केल सेल कार्सिनोमा, त्वचेचा दुर्मीळ आणि झपाट्यानं पसरणारा कॅन्सर. ऑपरेशननंतर शेक सांगितला. वय अठ्ठ्याहत्तर, शेकाचं हॉस्पिटल नव्वद किलोमीटरवर, सोबत कोण जाणार हा घरोघरचा प्रश्न. डॉक्टरांनी वय, तब्येत पाहून तीन आठवड्यांचा कोर्स ठरवला. रोजचा डोस थोडा मोठा, सिटिंग कमी. हल्लीची यंत्रं नेमक्या जागी मारा करतात, म्हणून हे जमतं.

स्तनांच्या कॅन्सरमध्ये तीन आठवड्यांचा कोर्स आता रुळलाय. निवडक पेशंटना एका आठवड्यात पाच सिटिंग पुरतात, असं २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीतून पुढे आलं. मर्केलचे पेशंटच थोडे, त्यामुळे तशी मोठी तुलना अवघड. म्हणून हे ज्याचं त्याला पाहून ठरतं. गाठ डोळ्याजवळ असली, तर डॉक्टर बेतानंच घेतात. पण दिवस कमी होतील का, हे विचारायला काय हरकत आहे?

स्वतः मादाम क्युरी रेडियमच्या नळ्या खिशात घालून फिरायच्या. पहिल्या महायुद्धात एक्स-रेच्या गाड्या घेऊन त्या आघाडीवर गेल्या, सोबत सतरा वर्षांची इरेन. बोटं भाजलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. ४ जुलै १९३४ रोजी रक्ताच्या आजारानं त्या गेल्या. त्यांच्या वह्या अजून शिशाच्या पेटीत ठेवाव्या लागतात.

त्याआधी दोन वर्षं, १९३२ मध्ये, वॉर्सालाही रेडियम इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. अमेरिकेतून जमलेल्या पैशांतून बाईंनी तिला एक ग्रॅम रेडियम दिलं. तिची पहिली संचालक होती डॉक्टर ब्रोन्या.