संत फ्रान्सिस झेविअर यांचा अखेरचा आगमनकाळ

संत फ्रान्सिस झेविअर यांचा सण पवित्र ख्रिस्तसभा दरवर्षीं ३ डिसेंबर रोजीं, आगमनकाळाच्या आरंभींच पाळते. त्यांचें चरित्र आपणांस नवें नाहीं. परंतु त्यांचा देहान्तही आगमनकाळांतच झाला, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं.

नवार राज्यांतील झेविअर गढींत ७ एप्रिल १५०६ रोजीं त्यांचा जन्म झाला. पॅरिसच्या विद्यापीठांत असतां मानाचें पद मिळविण्याची त्यांस मोठी आकांक्षा होती. संत इग्नेशियस यांच्या सहवासानें ती मावळली व १५३४ सालीं त्यांनीं आपलें जीवन परमेश्वरास वाहिलें. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले. तेथें इस्पितळांतील रोग्यांची शुश्रूषा करावी, रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांस धर्मशिक्षणासाठीं जमवावें, असा त्यांचा क्रम असे. १५४८ सालीं ते वसईसही येऊन गेले.

पुढें १५४९ सालीं ते जपानांत गेले. हा धर्म खरा असेल तर चीनच्या पंडितांस तो ठाऊक कसा नाहीं, असें तेथील लोक विचारीत. तेव्हां चीनमध्यें जाण्याचा त्यांनीं निश्चय केला. पोर्तुगीज वकिलाबरोबर जाण्याचा बेत ठरला. पण मलाक्का येथील अधिकाऱ्यानें त्या वकिलास पुढें जाऊं दिलें नाहीं. फ्रान्सिस तसेच निघाले व १५५२ सालीं चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर पोहोंचले.

चीनमध्यें परक्यांस सक्त मज्जाव होता. तरी एका चिनी व्यापाऱ्यानें मिऱ्यांच्या मोबदल्यांत त्यांस गुप्तपणें कँटनला नेण्याचें कबूल केलें. वाट पाहण्याचे ते दिवस फ्रान्सिस यांनीं व्यर्थ दवडले नाहींत. फांद्यांच्या लहानशा मंदिरांत ते मिस्सा अर्पण करीत, आजाऱ्यांस पाहत, मुलांस शिकवीत. १९ नोव्हेंबरच्या सुमारास यावयाची होडी आलीच नाहीं. २१ रोजीं त्यांस ज्वर भरला. २७ नोव्हेंबर रोजीं आगमनकाळ सुरू झाला, तेव्हां ते एका झोंपडींत अंथरुणास खिळलेले होते. सेवेस अँतोनियो नांवाचा चिनी ख्रिस्ती तरुण होता. ३ डिसेंबर रोजीं, शनिवारीं पहाटेपूर्वीं, त्यानें पेटती मेणबत्ती त्यांच्या हातांत दिली आणि येशूचें नाम मुखीं असतां त्यांनीं प्राण सोडला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४६ वर्षांचें होतें. १६२२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. त्यांचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझू मंदिरांत आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, होडी आली नाहीं, पण प्रभु आला; आणि त्यानें आपल्या सेवकास जागा असलेला पाहिलें. नाताळ जवळ येतांच आपण घरें रंगवितों, नवीं वस्त्रें शिवितों. परंतु पापांची कबुली, शेजाऱ्याशीं धरलेला अबोला, दाराशीं आलेला गरीब, हीं मात्र आपण उद्यांवर टाकतों. आपल्याही मनांत कोणत्या ना कोणत्या होडीची वाट पाहणें चालूच असतें. ती येईल वा न येईल. प्रभु मात्र निश्चित येणार आहे. तो येईल तेव्हां आपलें अंतःकरण झाडलेलें असो व आपल्या हातांत दिवा पेटता असो.