कुष्ठरोग्यांचे सोबती संत डेमियन



संतांना भीती ठाऊकच नसते, असा आपला समज असतो. मोलोकाईच्या संत डेमियन यांचे चरित्र वाचले की तो समज दूर होतो. भीती त्यांनाही वाटली. पण त्या भीतीला त्यांनी प्रभूच्या कामाआड येऊ दिले नाही.

त्यांचे मूळ नाव जोसेफ. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात त्यांचा जन्म झाला. थोरल्या भावाच्या पाठोपाठ तेही येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाले आणि त्यांनी डेमियन हे नाव घेतले. १८६० साली कायमची व्रते घेताना संघाच्या प्रथेप्रमाणे त्यांच्या अंगावर प्रेतवस्त्र पांघरण्यात आले. जगाला आपण मेलो, आता ख्रिस्तासाठी जगायचे, असा त्याचा अर्थ. तो क्षण ते कधी विसरले नाहीत.

त्यांचा भाऊ हवाई बेटांवर मिशनकार्यासाठी निघणार होता, पण ऐनवेळी तो तापाने आजारी पडला. त्याच्या जागी डेमियन गेले. १९ मार्च १८६४ रोजी, संत जोसेफच्या सणाला, ते होनोलुलूला पोहोचले आणि २१ मे रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी हवाईत कुष्ठरोग पसरला होता. १८६६ पासून सरकार रोग्यांना घरातून उचलून मोलोकाई बेटावर नेऊन सोडत असे. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला उंच कडे. एकदा गेलेला माणूस सहसा परत येत नसे. रोगावर औषध नव्हते. डॉक्टर हॅन्सन यांनी नॉर्वेत कुष्ठरोगाचा जंतू शोधला तो १८७३ साली. त्याच वर्षी बिशपांनी त्या वस्तीसाठी धर्मगुरू हवे असल्याचे सांगितले. कोणा एकावर कायमचे ओझे नको, म्हणून आळीपाळीने जायचे ठरले. १० मे १८७३ रोजी पहिली पाळी घेऊन डेमियन तिथे उतरले आणि तिथलेच झाले.

सुरुवातीच्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. रोग्यांच्या जखमांची दुर्गंधी त्यांना सहन होत नसे. कधीकधी झोपडीतून बाहेर धावत येऊन मोकळा श्वास घ्यावा लागे. कपड्यांना वास राहू नये म्हणून ते पाइप ओढू लागले. अंतर ठेवून वागा, अशी सूचना त्यांना मिळाली होती, आणि ती रास्तही होती. पण ज्यांना सख्ख्या नातलगांनीही हात लावायचे सोडले होते, त्यांना लांबून दिलेला धीर कसा पोहोचणार? डेमियन त्यांच्या जखमा धुऊ लागले. अळूच्या कांद्याचा लगदा ते रोग्यांच्या बरोबरीने एकाच भांड्यातून हाताने खात. त्यांनी घरे बांधली, गावात पाण्याचे नळ आणले, चर्च वाढवले. मेलेल्यांसाठी शवपेट्याही ते स्वतःच्या हातांनी करत.

हे बळ कुठून आले? डेमियन पैलवानासारखे धट्टेकट्टे होते, पण नुसत्या अंगबळावर इतकी वर्षे निघत नाहीत. ते पहाटे मिस्सा करत, ख्रिस्तप्रसादासमोर गुडघे टेकत आणि मग रोग्यांच्या झोपड्यांकडे वळत. वेदीवर जो ख्रिस्त हाती घेतला, तोच त्यांना झोपडीत भेटत असे. हा आधार नसता तर आपण तिथे टिकलो नसतो, हे ते स्वतः जाणून होते. प्रायश्चित्त संस्कारासाठी दुसरा धर्मगुरू मिळणेही मुश्कील होते. एकदा संघाचे वरिष्ठ बोटीने आले, पण कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियनना वर घेतले नाही. तेव्हा होडीत उभे राहून, सगळ्यांसमोर, त्यांनी मोठ्याने आपली पापे कबूल केली.

ज्याची भीती होती तेच अखेर घडले. १८८४ च्या डिसेंबरात कढत पाण्यात पाय बुडाले, कातडीला फोड आले, पण वेदना झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी कुष्ठरोगाचे निदान झाले. तरी त्यांचे काम थांबले नाही. शेवटच्या महिन्यांत मदर मेरियन कोप आपल्या धर्मभगिनींसह तिथे आल्या. पुढे त्याही संत म्हणून घोषित झाल्या. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, डेमियन प्रभूकडे गेले. सुरुवातीला ज्या झाडाखाली ते झोपले, त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले. १९३६ साली त्यांचे अवशेष बेल्जियमला नेण्यात आले. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. त्या वर्षी उजव्या हाताचे अवशेष मोलोकाईला परत आले. त्याच हाताने त्यांनी रोग्यांना स्पर्श केला होता. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. पण आजाऱ्याची भीती आपल्यातून गेलेली नाही. २०२० साली करोनाच्या साथीत शेजारच्या दाराकडे बघतानाही आपण कसे घाबरत होतो, ते आठवावे. काळजी जरूर घ्यावी. मात्र काळजीच्या नावाखाली माणूस तोडू नये. आपल्या धर्मग्रामातही अंथरुणाला खिळलेले, महिनोन् महिने कुणी न भेटलेले आजारी असतील. आज मिस्सानंतर घरी जाताना त्यातल्या एका घरी पाच मिनिटे थांबूया. जाताना भीती वाटली तर ती प्रभूला सांगूया आणि तरीही जाऊया.

संत डेमियन, आम्हांसाठी विनंती कर.