३०० लिव्र मोजले आणि गणिताच्या नियमाला नाव मिळालं

सीईटीच्या क्लासला गेलेल्या प्रत्येकाला एक हॉस्पिटल माहीत असतं. लिमिट काढताना वर शून्य, खाली शून्य आलं की सर सांगतात, एल-हॉस्पिटल लावा. तर हा दवाखाना नाही, माणूस आहे. आणि त्याचा उच्चार लोपिताल.

गियोम द लोपिताल १६६१ साली पॅरिसमध्ये जन्मला. घराणं सरदारांचं, म्हणून घोडदळात कॅप्टन झाला. पण नजर अधू. सैन्य सोडलं आणि गणिताचं जुनं वेड पुन्हा धरलं. १६९१ मध्ये त्याला २४ वर्षांचा योहान बर्नुली भेटला. लायब्निट्सचं नवंकोरं कलन समजणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यातला हा एक. लोपितालने पैसे देऊन त्याची शिकवणीच लावली.

खरी गोष्ट पुढे आहे. मार्च १६९४ मध्ये लोपितालने पत्र पाठवलं. वर्षाला ३०० लिव्र देतो. मी सांगेन ती गणितं सोडवायची, नवे शोध मला कळवायचे, दुसऱ्या कुणालाही नाही. बर्नुलीचं त्याच महिन्यात लग्न झालेलं आणि कायमची नोकरी नाही. तो हो म्हणाला. त्याच वर्षी त्याने शून्य भागिले शून्याची युक्ती पत्रातून धाडली.

युक्ती काय? (क्ष² − ४) ÷ (क्ष − २) घ्या. क्ष ला २ केलं की वर-खाली शून्य. मग अंश आणि छेदाचं वेगवेगळं विकलन करा : वर २क्ष, खाली १. आता २ घाला, उत्तर ४. इथे अवयव पाडूनही ४ च येतात, त्यामुळे नियमाची खरी गरज कळत नाही. वर-खाली वर्गमूळं, घनमूळं असली की अवयव हात टेकतात.

१६९६ मध्ये लोपितालने विकलनावरचं पहिलं पाठ्यपुस्तक छापलं, त्यात हा नियम होता. प्रस्तावनेत बर्नुली बंधूंचे आभार मानले, कराराबद्दल अवाक्षर नाही. तरी त्याला सरळ चोर म्हणणं मला पटत नाही. नियम माझा, असंही तो कुठे म्हणाला नाही.

१७०४ मध्ये लोपिताल वारला आणि बर्नुलीने हक्क सांगायला सुरुवात केली. पण सख्ख्या भावाशीही श्रेयावरून भांडलेला हा माणूस, त्याचं कोण ऐकणार? बासेलमध्ये सापडलेली त्याची विकलनाची जुनी व्याख्यानं १९२२ साली छापली गेली. लोपितालचं पुस्तक त्यांच्याशी बऱ्याच ठिकाणी जुळत होतं. तोवर बर्नुलीला जाऊन १७४ वर्षं झाली होती.