गळतीला बोलायला लावणारा माणूस : जॉर्ज वेस्टिंगहाऊस

एडिसन मोठा की टेस्ला, हा वाद इलेक्ट्रिकलच्या मुलांमध्ये कधीच संपत नाही. त्यात जॉर्ज वेस्टिंगहाऊसचं नाव आलंच तर टेस्लाच्या मागे उभा राहिलेला पैसेवाला शेठ म्हणून येतं. आम्हा मेकॅनिकलवाल्यांना हे पटत नाही, कारण हा शेठ मूळचा आमचा! विजेकडे वळण्याआधीची जवळजवळ सतरा वर्षं त्याने कॉम्प्रेस्ड एअरमध्ये घालवली. आणि पाइप म्हटला की तो कुठेतरी गळणारच, ही गोष्ट त्याच्याइतकी मनावर घेतलेला माणूस विरळाच.

जॉर्जचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या खेड्यातला. वडील शेतीची यंत्रं बनवायचे. १८५६ मध्ये कुटुंब स्कनेक्टडी गावात आलं आणि मुलगा शाळेपेक्षा वडिलांच्या वर्कशॉपमध्येच जास्त रमू लागला. पुढे यादवी युद्ध पेटलं, तेव्हा तो आधी सैन्यात आणि मग नौदलात इंजिनीअर म्हणून गेला. युद्ध संपल्यावर त्याने युनियन कॉलेजात नाव घातलं आणि तीनेक महिन्यांत कॉलेज सोडलं. (हे वाक्य आमच्या एच.ओ.डी. सरांनी वाचू नये.) त्याच वर्षी, म्हणजे १८६५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी त्याला रोटरी स्टीम इंजिनचं पहिलं पेटंट मिळालं. ते इंजिन फारसं उपयोगी पडलं नाही. पण रुळावरून घसरलेला डबा परत रुळावर चढवायचं साधन त्याने केलं, ते मात्र विकलं गेलं आणि रेल्वेशी त्याचा संबंध जुळला.

त्या काळात गाडी थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. ब्रेकमन नावाची माणसं एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर जात आणि प्रत्येक डब्याचं चाक हाताने फिरवून ब्रेक आवळत. पावसात, बर्फात, रात्री, मालगाडीच्या टपावरूनसुद्धा! किती जण खाली पडून मेले असतील, कल्पना करा. स्कनेक्टडी आणि ट्रॉय या गावांच्या दरम्यान वेस्टिंगहाऊसने दोन मालगाड्यांची टक्कर झालेली पाहिली होती. रूळ सरळ होता, दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसत होती, पण थांबायला वेळच पुरला नाही. तेव्हापासून सगळ्या डब्यांचे ब्रेक एकाच जागेवरून कसे लावायचे, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला.

साखळी लावून बघितली, जमेना. वाफेचा विचार केला, पण लांब पाइपात वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. अशात एका मासिकात त्याने आल्प्समधल्या माँ सनी बोगद्याबद्दल वाचलं. तिथे खडक फोडणारी ड्रिल्स कॉम्प्रेस्ड एअरवर चालत होती आणि ती हवा जवळजवळ एक किलोमीटर लांबून पाइपने येत होती. झालं, उत्तर सापडलं! हवा थंड झाली तरी हवाच राहते. १३ एप्रिल १८६९ ला त्याच्या एअर ब्रेकला पेटंट मिळालं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आपण त्या वयात सबमिशनच्या फाइली पूर्ण करत असतो. पिट्सबर्गजवळच्या पहिल्याच ट्रायलला रुळावर एक घोडागाडी आडवी आली आणि गाडी गाडीवानाच्या चार-पाच फुटांवर थांबली, असं सांगतात. पुढची मान्यता मग पटापट मिळाली.

पण खरी इंजिनीअरिंग इथून पुढे आहे. या पहिल्या ब्रेकची रचना अगदी सरळ होती. इंजिनवरचा पंप टाकीत हवा भरणार, ड्रायव्हरने कॉक उघडला की ती हवा पाइपातून प्रत्येक डब्याच्या सिलिंडरमध्ये जाणार आणि ब्रेक लागणार. आता समजा दोन डब्यांमधला होज फाटला. मग हवा बाहेर आणि ब्रेक गायब! शिवाय पाइप एरवी रिकामाच असायचा, म्हणजे भोक पडलंय हे कळणार कधी, तर ब्रेक लावायच्या क्षणी.

१८७२ मध्ये वेस्टिंगहाऊसने सगळं उलटं केलं. पाइपात हवा कायम भरलेली ठेवायची. प्रत्येक डब्याखाली एक छोटी टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह. पाइपातलं प्रेशर चढलं की व्हॉल्व्ह टाकी भरून घेतो आणि ब्रेक सोडतो. प्रेशर उतरलं की तोच व्हॉल्व्ह टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोडतो आणि ब्रेक लागतो. म्हणजे होज फाटला, डबा तुटून मागे राहिला, काहीही झालं तरी गाडी आपोआप थांबणार. आधी जी गळती चोरासारखी लपून राहायची, तिला या माणसाने ओरडायला लावलं. आपल्याकडच्या एअर ब्रेकच्या डब्यात तुम्ही साखळी ओढता तेव्हा दुसरं काय करता? ब्रेक पाइपला मुद्दाम एक भोक पाडता!

अर्थात बारीक गळती तरीही लपते. पंप हवा भरत राहतो, काटा जागचा हलत नाही आणि भुर्दंड पडतो कोळशाला. म्हणून रेल्वेत गाडी सुटण्याआधी हवेचा पुरवठा तोडायचा आणि मिनिटाला प्रेशर किती उतरतं ते गेजवर बघायचं, अशी टेस्ट असते. हीच टेस्ट कुठल्याही फॅक्टरीत करता येते. समजा रिसीव्हर आणि पाइपलाइन मिळून आकारमान ५ घनमीटर आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन्स बंद, मग कॉम्प्रेसरही बंद. प्रेशर ७ बारवरून ६ बारवर यायला ४ मिनिटं लागली. म्हणजे ५ गुणिले १ भागिले ४, मिनिटाला सव्वा घनमीटर साधी हवा गळाली. ७ बारला मिनिटाला एक घनमीटर हवा दाबायला साधारण साडेसहा किलोवॅट लागतात, म्हणजे ही गळती ८ किलोवॅटची. वर्षाचे ८७६० तास धरले तर सुमारे ७०,००० युनिट, आणि युनिटला ८ रुपये धरले तर साडेपाच लाखांच्या वर! फक्त एक लक्षात ठेवा. कॉम्प्रेसर अनलोड झाला तरी थोडीफार वीज खातोच, त्यामुळे भोकं बुजवून कंट्रोल तसाच ठेवला तर बिल तेवढं उतरत नाही.

इंडस्ट्रियल व्हिजिटला आम्ही एका कारखान्यात गेलो होतो. तिथे प्रत्येक मशीनपाशी सुसू आवाज येत होता. विचारलं तर उत्तर मिळालं की हवाच आहे, जाऊ दे. तेल गळलं असतं तर लगेच खाली बादली आली असती.

वेस्टिंगहाऊसकडे वळू या. त्याची कंपनी वाढली, त्याने कामगारांना शनिवारी अर्धी सुट्टी दिली, जी तेव्हा फारसं कोणी देत नसे. १८८६ मध्ये बर्लिंग्टनला पन्नास डब्यांच्या मालगाड्यांवर ब्रेकच्या ट्रायल झाल्या, त्यात त्याचा ब्रेक कमी पडला. पुढचे डबे थांबत आणि मागचे येऊन धडकत. त्याने ट्रिपल व्हॉल्व्ह बदलून १८८७ मध्ये शीघ्र क्रियेचा ब्रेक आणला. १८९३ मध्ये अमेरिकेत कायद्यानेच गाड्यांना एअर ब्रेक सक्तीचे झाले.

याच दरम्यान, १८८४ मध्ये, त्याने पिट्सबर्गच्या आपल्या बंगल्याच्या बागेतच नैसर्गिक वायूची विहीर खोदली. (बायको मार्गरीट काय म्हणाली असेल?) तेव्हा गॅसचे पाइप गळून घरं उडायची. त्याने मुख्य पाइपभोवती दुसरा पाइप घालून गळलेला गॅस गोळा करायची सोय केली. विहिरीपासून जास्त प्रेशरने अरुंद पाइपातून गॅस न्यायचा आणि गावाजवळ पाइप रुंद करून प्रेशर उतरवायचं, अशी पद्धत बसवली. गॅसवर त्याची तीसहून अधिक पेटंटं झाली.

आता हेच वाक्य प्रेशरच्या जागी व्होल्टेज घालून वाचा. ए.सी. आणि ट्रान्सफॉर्मर एवढ्या पटकन या माणसाला का पटले ते कळेल. १८८६ मध्ये त्याने इलेक्ट्रिक कंपनी काढली, १८८८ मध्ये टेस्लाची पेटंटं घेतली, १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन उजळलं आणि १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लांबवत नाही.

१९०७ च्या आर्थिक संकटात त्याच्या इलेक्ट्रिक कंपनीचा ताबा बँकवाल्यांकडे गेला. तो परत हवेकडे वळला आणि मोटारींसाठी हवेच्या स्प्रिंगवर काम करू लागला. १२ मार्च १९१४ ला न्यूयॉर्कमध्ये तो वारला. यादवी युद्धातला जुना सैनिक म्हणून त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं आहे. तोपर्यंत त्याच्या नावावर तीनशेच्या वर पेटंटं जमा झाली होती.