फोटोग्राफर फाळके

फोटोची हौस असलेली चार मुलं एकत्र बसली की पाच मिनिटांत बोलणं लेन्सवर येतं. कितीची घ्यायची, पन्नासची बरी की झूम? अशा वेळी मला दादासाहेब फाळके आठवतात. त्यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांचा संबंध होता तो साध्या फोटोच्या कॅमेऱ्याशी.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पुढे बडोद्याच्या कलाभवनात. तिथले प्राचार्य गज्जर यांनी या मुलाचं वेड ओळखलं आणि फोटोचा स्टुडिओ नि प्रयोगशाळा त्यालाच वापरायला दिली. १८९० मध्ये कॅमेरा घेतला. डार्करूममध्ये रसायनं कालवणं, काच धुणं, छपाई, सगळं स्वतःच्या हातानं.

गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला. तो जरा चालू लागला तोवर प्लेग आला आणि बायको व मूल दोघंही गेली. पुढे बडोद्यात पुन्हा प्रयत्न केला, तर कॅमेरा माणसातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा पसरली, असं सांगतात. गिऱ्हाईक येईना. मग पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफरची नोकरी, मग लोणावळ्याचा छापखाना. मध्येच जादूचे प्रयोगही केले, तेही आपलंच नाव उलटं करून, ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून!

१९१०-११ च्या सुमारास गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपल्या कॉलेजात नाताळला येशूजन्माचा देखावा सगळेच पाहतात, त्यामुळे हा प्रसंग आपल्याला जवळचा वाटावा. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि फाळक्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते. दुसऱ्या खेळाला त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंना नेलं. मग रोज सिनेमे. पाहायचं, घरी येऊन प्रयोग करायचे, झोप नावाला. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासंच झालं. ज्याचं पोटच डोळ्यांवर, त्याच्यासाठी हे केवढं मोठं संकट! मुंबईच्या डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. तरी माणूस थांबला नाही. विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची मागणी नोंदवली.

हा हँडलचा कॅमेरा होता. सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रं. हात जरा घाई करू लागला की पडद्यावरची माणसं संथ चालणार, हात रेंगाळला की धावणार. मोटर नाही, झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर कॅमेरा उचलून जवळ न्यायचा. फिल्मला कडेची भोकंसुद्धा घरीच, अंधारात पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई करत.

पैसे लावणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून त्यांनी पहिलं चित्रण कशाचं केलं, तर वाटाण्याच्या रोपाचं. कुंडीत बी पेरलं, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून रोप वाढताना दिसलं. आज हे मोबाईलवर कुणीही करतं. पण तेव्हा महिनाभर कॅमेरा आणि कुंडी जागची हलू द्यायची नाही, उजेड सांभाळायचा, आणि जमलं की नाही हे फिल्म धुतल्यावरच कळणार. मला तर हरिश्चंद्रापेक्षा या वाटाण्यात फाळके जास्त दिसतात. या चित्रणावर भांडवल मिळालं, तरी सरस्वतीबाईंचे दागिने द्यावे लागलेच.

‘राजा हरिश्चंद्र’ भरला ३७०० फूट. फुटाला सोळा चित्रं, म्हणजे जवळजवळ साठ हजार फोटो! हँडल फिरवायला त्र्यंबक तेलंग. त्यांना फाळक्यांनीच शिकवलं. चित्रीकरण सगळं उन्हात. चेहऱ्यावर सावली आली तर सरस्वतीबाई पांढरी चादर धरून ऊन वळवत, आणि पुन्हा युनिटचा स्वयंपाक त्यांच्याकडेच. पुरस्काराला नाव एकट्या दादासाहेबांचं, असो. आपल्या खानापूरच्या पावसात ज्यानं फोटो काढायचा प्रयत्न केलाय, त्याला या उन्हाच्या लहरीवर चालणाऱ्या धंद्याची कल्पना येईल. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

जादूगार केळफा इथेच कामी आला. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, पुन्हा हँडल फिरवायचं, की पडद्यावर देव अंतर्धान! पुढे नाशिकला जाऊन त्यांनी ‘लंकादहन’ (१९१७) केला, त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंखेच. ‘कालियामर्दन’मध्ये (१९१९) त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

मग बोलपट आले. कॅमेरा बंदिस्त स्टुडिओत गेला, उन्हाऐवजी दिवे आले, मायक्रोफोन आला. निपाणीहून तासाभरावरच्या कोल्हापुरात, कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. तो १९३७ मध्ये आला. त्यांचा हाच एक बोलपट म्हणून तयार झालेला चित्रपट आणि हाच शेवटचा. त्यानंतर ते नाशिकला राहिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच गेले.